मनिला ते न्यू जर्सी: आधी कागद, मग मुहूर्त

मागच्या अंकात माझ्या सुनेबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली काही पत्रं आणि माझी उत्तरं खाली देते. सून फिलिपिन्समधल्या इलोइलोची, मुलगा कॅलिफोर्नियात वाढलेला. त्यांची गाठ पडण्याच्या कितीतरी आधीपासून मी डेली सिटीतल्या एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात फायली सांभाळत होते. १८ वर्षांत माझ्या हातून गेलेल्या फायलींपैकी निम्म्याहून जास्त फिलिपिनो घरांच्या होत्या. मी स्वतः वकील नाही. इथे लिहिते ते वाट कळावी म्हणून. सही करण्याआधी आपली फाइल परवानाधारक वकिलाला एकदा दाखवा, एवढी विनंती.

आणखी एक गोष्ट सांगते, ती मला फार जवळची वाटते. २ जुलै १९४६ ला अमेरिकेत ल्यूस-सेलर कायदा झाला. भारतीय आणि फिलिपिनो या दोघांना तिथलं नागरिकत्व घ्यायची मुभा त्या एकाच कायद्याने मिळाली, आणि दोघांनाही वर्षाला जेमतेम १०० माणसांचा कोटा. त्यामुळे 'फिलिपिनो मुलगी म्हणजे आपल्याला अगदीच परकी' असं कुणी आई-वडील लिहितात, तेव्हा मी त्यांना ही तारीख कळवते.

काकू, मी ३१ वर्षांचा, अमेरिकन नागरिक, एडिसनला राहतो. माझी मैत्रीण इलोइलोमध्ये नर्स आहे. आमची ओळख ऑनलाइन झाली. अडीच वर्षांपूर्वी मी १२ दिवस तिच्या घरी जाऊन आलो, त्यानंतर रोज व्हिडिओ कॉल. आता लग्न करायचं आहे. आई-बाबांनी इथे हॉलची चौकशी सुरू केली आहे. फियान्से व्हिसा करू की तिकडे जाऊन लग्न करू?

हॉलवाल्याला आज पैसे देऊ नकोस. आई-बाबांना माझं नाव सांग.

फियान्से व्हिसा म्हणजे के-१. त्याचा अर्ज आय-१२९एफ, आणि तो फक्त अमेरिकन नागरिकालाच करता येतो, ग्रीनकार्डवाल्याला नाही. त्यातली मोठी अट अशी की अर्ज टाकण्याच्या आधीच्या २ वर्षांत तुम्ही दोघं प्रत्यक्ष भेटलेले असले पाहिजेत. तुझी भेट अडीच वर्षांपूर्वीची. व्हिडिओ कॉल हजार झाले तरी ती भेट धरत नाहीत. म्हणजे वाट कुठलीही निवडलीस तरी तुला इलोइलोला एकदा जायचंच आहे. मग मी म्हणेन, जातोसच तर लग्न करूनच ये.

असं का म्हणते ते सांगते. के-१ वर मुलगी आली की ९० दिवसांत लग्न करावं लागतं, तेही ज्याने अर्ज केला त्याच्याशीच. त्यानंतर ग्रीनकार्डासाठी आय-४८५ चा वेगळा अर्ज. तो चालू असताना वर्क परमिट हातात येईपर्यंत तिला नोकरी करता येत नाही, आणि अ‍ॅडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी, मिळाल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. त्या महिन्यांत तिकडे तिची लोला, म्हणजे आजी, आजारी पडली तर मुलगी इथे खिडकीशी रडत बसते. मी अशा मुलींना ऑफिसात पाणी दिलेलं आहे.

पत्नी म्हणून आणलीस तर अर्ज आय-१३०. मनिलाच्या अमेरिकन दूतावासातून ती इमिग्रंट व्हिसा घेऊन येते, विमानतळावर उतरते त्या दिवसापासून ती इथली कायम रहिवासी असते आणि दुसऱ्या सोमवारी कामाला जाऊ शकते. ती नर्स आहे, तेव्हा हा फरक तिच्यासाठी फार मोठा आहे. वाट पाहण्याच्या काळात ती तिकडची नोकरी चालू ठेवेल, चार पैसे आई-वडिलांना देईल, आणि एनसीएलएक्स ही नर्सिंगची परीक्षाही मनिलातच देऊन टाकेल. ते केंद्र तिथे २००७ पासून आहे. ती इथे येईल ती स्वतःच्या पायावर उभी असलेली येईल.

पैशांचंही बघ. २०२४ सालच्या दरांनी के-१ च्या वाटेवर अर्जाचे ६७५ डॉलर, व्हिसाचे २६५ आणि नंतर आय-४८५ चे १,४४०, मिळून २,३८०. पत्नीच्या वाटेवर ऑनलाइन अर्जाचे ६२५, व्हिसाचे ३२५, आर्थिक हमीपत्र तपासायचे १२० आणि ग्रीनकार्ड छापायचे २३५, मिळून १,३०५. मेडिकल आणि विमान दोन्हीकडे वेगळं. दर बदलत राहतात, भरायच्या दिवशी सरकारी साइटवर पुन्हा बघून घे. दोन्ही वाटांना वर्षभर किंवा त्याहून जास्त लागेल असं धरूनच चाल.

आता तिकडच्या लग्नाचं. तू मनिलाच्या दूतावासात जाऊन 'माझ्या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही' असं प्रतिज्ञापत्र करायचं. ते घेऊन तिच्या गावच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे लायसन्सचा अर्ज. नोटीस १० दिवस बोर्डावर लागते, त्याच काळात लग्नाआधीचं समुपदेशन. लायसन्स १२० दिवस चालतं. ती २५ च्या आतली असेल तर आई-वडिलांचा लेखी सल्लाही जोडावा लागतो. थोडक्यात, आठवड्याची सुट्टी पुरत नाही, किमान ३ आठवडे काढ. चर्चमध्ये किंवा न्यायाधीशांसमोर साधं लग्न करा, आणि ती इथे आली की आई-बाबांनी हवा तेवढा मोठा समारंभ करावा, मुहूर्त बघून करावा. त्या दिवशी नवरी नक्की हजर असेल याची खात्री असताना घेतलेला मुहूर्त वेगळाच.

दोघं दोन देशांत बसून स्क्रीनवर लग्न लावायचा मार्ग मात्र धरू नकोस. लग्नानंतर तुम्ही प्रत्यक्ष भेटून नवरा-बायको म्हणून एकत्र राहिला नसाल तर इमिग्रेशन ते लग्न मानत नाही.

तिच्या घरी गेलास की एक कर. त्यांच्याकडे पामामान्हिकान म्हणून रीत आहे, मुलाकडची मंडळी मुलीच्या घरी जाऊन रीतसर मागणी घालतात. आपल्यासारखंच. आई-बाबांना सोबत ने. नात्यासाठी ते हवंच, शिवाय दोन्ही घरची माणसं एका ताटाभोवती बसलेला फोटो फाइलमध्ये जितकं बोलतो तितकी चॅटची २०० पानं बोलत नाहीत. बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेव.

आणि आता नावं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्याच घरात हे झालं. आपलं मधलं नाव वडिलांचं. फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. लग्न झाल्यावर बाईने नवऱ्याचं आडनाव लावलं तर तिचं स्वतःचं माहेरचं आडनाव मधल्या जागी सरकतं. माझ्या मुलाने रात्री ११ वाजता, दमलेला असताना, सवयीने सुनेच्या मधल्या नावाच्या रकान्यात तिच्या वडिलांचं पाळण्यातलं नाव लिहिलं. मी इतकी वर्षं हेच काम केलेलं, मी शेजारी बसून तपासलं आणि माझ्याही नजरेतून ते निसटलं, कारण माझ्या डोळ्यांना ते बरोबरच दिसत होतं. वर तिच्या जन्मदाखल्यावर 'मारिया' ऐवजी नुसतं 'मा.' असं टिंब देऊन लिहिलेलं, पासपोर्टवर अख्खं 'मारिया'. यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून खुलाशाचं पत्र आलं, काही महिने गेले. जन्मदाखला, शाळेचे कागद, पासपोर्ट आणि नर्सिंगचं लायसन्स टेबलावर शेजारी शेजारी मांडा, आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. दाखल्यात लेखनाची चूक असेल तर २००१ च्या ९०४८ क्रमांकाच्या कायद्याने ती स्थानिक रजिस्ट्रारकडेच दुरुस्त होते, कोर्टात जावं लागत नाही. पण वेळ लागतो, म्हणून आजच बघा.

दाखले पीएसएचे हवेत, म्हणजे फिलिपाइन स्टॅटिस्टिक्स ऑथॉरिटीचे. जुनी माणसं अजून एनएसओ म्हणतात. गावच्या नगरपालिकेने दिलेला लग्नाचा कागद पुरत नाही. तो वर पीएसएपर्यंत पोचायला आठवडे, कधी महिने लागतात, तेव्हा तिथल्या रजिस्ट्रारच्या मागे लागावं लागतं. पोलिस दाखला म्हणजे एनबीआय क्लिअरन्स. नाव सर्वसाधारण असेल तर 'हिट' येतो, म्हणजे त्याच नावाच्या कुणावर तरी गुन्हा आहे आणि ती व्यक्ती म्हणजे तुझी मैत्रीण नव्हे याची ते खातरजमा करतात. घाबरायचं नाही, पुन्हा बोलावतील त्या तारखेला जायचं.

मेडिकल मनिलाच्या एर्मिता भागात, सेंट ल्यूक्सच्या एक्स्टेन्शन क्लिनिकमध्ये. सुनेच्या वेळी मी तिच्यासोबत होते. एक्स-रेमध्ये छातीवर जुना डाग दिसला. मग क्षय नाही ना हे बघायला सलग ३ सकाळी थुंकीचा नमुना द्यायचा आणि कल्चरसाठी, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते कळेपर्यंत, ८ आठवडे थांबायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी ६ ला आम्ही रांगेत होतो, पोरीने आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं, भीतीने. मला म्हणाली, 'नानाय (म्हणजे आई), मी आजारी निघाले तर?' मी म्हटलं, निघालीस तर औषध घेशील आणि सहा महिन्यांनी येशील, मी तोवर खोली आवरून ठेवीन. कल्चर कोरं आलं. पण काढून ठेवलेलं तिकीट वाया गेलं. म्हणून सांगते, व्हिसा पासपोर्टवर चिकटल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

शेवटचा टप्पा पुष्कळ जण विसरतात. कमिशन ऑन फिलिपिनोज ओव्हरसीज, लोक सीएफओ म्हणतात. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या किंवा करणार असलेल्या फिलिपिनोला तिथे समुपदेशनाला बसावं लागतं. ते प्रमाणपत्र नसेल तर अमेरिकेचा व्हिसा हातात असूनही मनिलाच्या विमानतळावरून परत फिरवतात. तिथे तुझ्याबद्दल खाजगी प्रश्न विचारतील, तू काय काम करतोस, आधी लग्न झालं होतं का, कधी हात उगारलास का. तिला मोकळेपणाने बोलू दे. बायकांचा व्यापार होऊ नये म्हणून उभी केलेली व्यवस्था आहे ती, त्यामागे १९९० चा आणि नंतर २०१६ चा कायदा आहे. मला तिचा फार आदर वाटतो.

ताई, माझ्या मैत्रिणीला फक्त १५ दिवसांसाठी पाहुणी म्हणून शिकागोला बोलवायचं आहे. टुरिस्ट व्हिसा मिळेल का? ती सेबूला कॉल सेंटरमध्ये आहे, २६ वर्षांची.

मिळणं अवघड. कायद्याच्या २१४(बी) कलमानुसार अधिकारी असंच धरून चालतो की अर्जदार कायमचा राहायला येतोय, आणि तसं नाही हे तिने पटवायचं. तरुण, अविवाहित, प्रियकर अमेरिकेत, एवढ्यावरच नकार येतो. 'मैत्रिणीला भेटायला' असं खोटं लिहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते एक वाक्य तिच्या नावापुढे कायमचं राहतं आणि उद्या तुमच्याच लग्नाच्या व्हिसाच्या वेळी वर येतं. टुरिस्ट म्हणून येऊन इथेच लग्न उरकायचा बेत तर त्याहून वाईट. तुम्ही जा. अमेरिकन पासपोर्टवर फिलिपिन्समध्ये ३० दिवस व्हिसा लागत नाही, परतीचं तिकीट दाखवावं लागतं, आणि पोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हलची ऑनलाइन नोंद करून क्यूआर कोड घ्यायचा.

मी ४४ वर्षांचा, घटस्फोटित, डॅलसला असतो. माझी होणारी पत्नी दावावची. तिचं २२ व्या वर्षी लग्न झालं होतं. नवरा ९ वर्षांपूर्वी सौदीला गेला, तिकडेच दुसरा संसार थाटला, पैसे नाहीत, फोन नाही. एका एजंटने सांगितलं, 'लग्नाचा उल्लेखच करू नका, इतक्या वर्षांनी कोण बघतंय.' काय करावं?

एजंटचा नंबर फोनमधून काढून टाका. हे मी रागाने लिहिते आहे, कारण असल्या सल्ल्याने मोडलेली घरं मी पाहिली आहेत.

मनिलाचा दूतावास सेनोमार मागतो, लग्नाची नोंद नसल्याचा पीएसएचा दाखला. तिचं पहिलं लग्न तिथे छापून येईल. लपवलंत तर व्हिसा नाकारला जाईलच, वर फसवणुकीचा शेरा बसेल, आणि तो शेरा नंतरच्या खऱ्या अर्जालाही आडवा येतो.

फिलिपिन्समध्ये घटस्फोटाचा कायदा नाही. व्हॅटिकन सोडलं तर जगात असा हा एकच देश राहिला आहे. मे २०२४ मध्ये तिथल्या प्रतिनिधी सभेने विधेयक मंजूर केलं, पण सिनेटने केलं नाही. मुस्लिमांना मात्र १९७७ च्या वेगळ्या संहितेने घटस्फोट घेता येतो. तिचं लग्न मुस्लिम पद्धतीने झालं असेल तर आधी ते तपासा, दावावकडे अशी घरं पुष्कळ आहेत.

नाहीतर वाट कोर्टाची. १९८७ च्या फॅमिली कोडचं ३६ वं कलम सांगतं की लग्नाच्या वेळीच जोडीदार संसाराच्या जबाबदाऱ्या पेलायला मानसिकदृष्ट्या असमर्थ असेल तर ते लग्न मुळातूनच रद्द ठरतं. पूर्वी यासाठी मानसतज्ज्ञाचा अहवाल जवळजवळ अटळ असायचा. मे २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तान-आंदाल खटल्यात सांगितलं की हा वैद्यकीय नव्हे, कायद्याचा प्रश्न आहे, तज्ज्ञाची सक्ती नाही. जवळच्या माणसांच्या साक्षीलाही त्यामुळे वजन आलं.

तुम्हाला कुणी सांगेल, नवरा मेला असं गृहीत धरून निकाल घ्या. ४१ वं कलम त्यासाठी आहे, ४ वर्षं बेपत्ता असला तर. पण तो हयात नाही असं मनापासून आणि शोध घेऊन वाटलं पाहिजे. इथे तर तो सौदीत दुसऱ्या बाईबरोबर राहतो हे तिला ठाऊक आहे. तेव्हा ही वाट तिची नाही.

एक गोष्ट मात्र जरूर शोधा. नवऱ्याने दुसऱ्या कुठल्या देशाचं नागरिकत्व घेऊन तिथे घटस्फोट मिळवला आहे का? मिळवला असेल तर २६ व्या कलमाने तिलाही पुन्हा लग्न करता येतं, फिलिपिन्सच्या कोर्टाने तो घटस्फोट मान्य केल्यावर. २०१८ च्या मानालो निकालाने तर फिलिपिनो बायकोने स्वतः परदेशी नवऱ्यापासून परदेशात घेतलेला घटस्फोटही यात धरला. सौदीत नुसती नोकरी केल्याने मात्र नागरिकत्व बदलत नाही, म्हणून फार आशा धरू नका.

वकील निवडताना ही खूण लक्षात ठेवा: अर्जदाराला स्वतः कोर्टात साक्ष द्यावी लागते. 'तुम्ही यायची गरज नाही, तीन महिन्यांत निकाल आणून देतो' असं जो म्हणेल तो बनावट निकाल विकतो आहे. निकाल लागला तरी तिथे थांबू नका. तो अंतिम झाल्याचा दाखला घ्या, सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवा, आणि जुन्या लग्नाच्या पीएसए दाखल्यावर शेरा पडलेली प्रत हातात आल्यावरच अर्ज भरा. नोंद केल्याशिवाय केलेलं दुसरं लग्न तिथल्या कायद्याने रद्दबातल ठरतं. वर्षं जातील, पैसेही बरेच जातील. पण ती तुमच्या घरात उजळ माथ्याने येईल, आणि तुमच्या लेटरबॉक्समध्ये इमिग्रेशनचं पाकीट पडलं की तुम्हा दोघांच्या पोटात गोळा येणार नाही.

माझ्या हॉस्पिटलमधली फिलिपिनो सहकारी फार काळजीत आहे. तिची आई ग्रीनकार्डवर आहे. आईने ११ वर्षांपूर्वी पंपांगातल्या आपल्या मुलासाठी, म्हणजे सहकारीच्या भावासाठी, तो अविवाहित असताना, अर्ज केला. नंबर आता जवळ आलाय, आणि भावाचं गुपचूप लग्न ठरलंय. आम्ही तिला काय सांगू?

आजच फोन करून लग्न थांबवायला सांगा. मोडायला नव्हे, थांबवायला.

आई ग्रीनकार्डवर असताना मुलाचा अर्ज एफ-२बी या रांगेत असतो, आणि ती रांग फक्त अविवाहित मुलांची. लग्न झालं त्या क्षणी अर्ज आपोआप रद्द होतो. कुणी पत्र पाठवत नाही, कुणी कळवत नाही. ११ वर्षं संपली. नंतर आई नागरिक झाली तरी पुन्हा शून्यापासून सुरुवात, आणि फिलिपिन्सच्या विवाहित मुलांची रांग सुमारे २० वर्षांची आहे.

आई आधी नागरिक झाली तर गोष्ट बदलते. मग त्याने लग्न केलं तरी अर्ज जिवंत राहतो, जुनी तारीखही टिकते, फक्त तो लांबच्या रांगेत सरकतो. आणि आई नागरिक झाल्यावरही तो अविवाहितच राहिला तर तो एफ-१ मध्ये, म्हणजे नागरिकांच्या अविवाहित मुलांच्या रांगेत, जातो. फिलिपिनोंसाठी एफ-१ आणि एफ-२बी यांत कधी ही रांग पुढे असते, कधी ती. २००२ च्या कायद्याने त्याला 'मला जुन्याच रांगेत राहू द्या' असं लेखी सांगायची मुभा आहे. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं, त्यात दोन्ही तारखा बघून वकिलाबरोबर ठरवा.

गुपचूप लग्न करून 'अविवाहित' म्हणून आलेली माणसं मी टेबलाच्या पलीकडे बसलेली पाहिली आहेत. दहा वर्षं इथे टॅक्स भरलेला, घर घेतलेलं. मग बायकोसाठी अर्ज करायची वेळ येते आणि लग्नाच्या दाखल्यावरची तारीख त्यांच्या स्वतःच्या व्हिसाच्या आधीची निघते. एक गृहस्थ तो दाखला हातात घेऊन नुसते घड्या घालत होते, उलगडत होते. त्यांना बोलताच येईना. अशांसाठी माफीची एक तरतूद आहे, पण ती मिळेलच असं नाही, आणि तिची वाट हद्दपारीच्या कोर्टातून जाते. भावाला सांगा, मुलगी खरंच त्याची असेल तर ती थांबेल, आणि व्हिसा घेऊन अमेरिकेत पाऊल टाकल्यानंतर केलेलं लग्न पूर्ण कायदेशीर आहे. बायकोसाठी मग तो स्वतः अर्ज करील.

ह्यूस्टनला आमच्या शेजारी एक अमेरिकन गृहस्थ आहेत. त्यांची फिलिपिनो बायको ७ महिन्यांपूर्वी फियान्से व्हिसावर आली, लग्नही झालं. तिचा पासपोर्ट नवऱ्याच्या तिजोरीत आहे. 'बोललीस तर परत पाठवीन' असं तो म्हणतो. तिने हे माझ्याकडे रडत सांगितलं. मी मध्ये पडावं का?

पडा. पण तिच्या फोनवर काही पाठवू नका, तो तपासला जात असेल. समोरासमोर सांगा.

नवरा तिला परत पाठवू शकत नाही, तो अधिकार त्याला नाही. अमेरिकन नागरिकाने छळ केला तर त्याची बायको स्वतःचा स्वतः अर्ज करू शकते, आय-३६०, व्हावा या बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या कायद्याखाली. त्याला फी नाही, नवऱ्याला कळवलं जात नाही, आणि ही माहिती गुप्त ठेवायचं बंधन सरकारवर आहे. छळ म्हणजे मारहाणच असं नाही, धाकदपटशा आणि कोंडून ठेवणंही त्यात येतं. दोन वर्षांचं ग्रीनकार्ड आधीच मिळालं असेल तर ते पक्कं करायचा आय-७५१ अर्जही ती नवऱ्याच्या सहीशिवाय करू शकते. २००५ च्या कायद्याने तिला व्हिसाच्या वेळी हक्कांची पुस्तिका द्यायलाच हवी होती, पण त्या गडबडीत कोण वाचतं.

घरगुती हिंसाचाराची राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, दिवसरात्र, दुभाषी मिळतो. फिलिपिन्सचं कॉन्सुलेट ह्यूस्टनमध्येच आहे, पासपोर्ट अडवून ठेवला असेल तर दुसरा कसा मिळेल ते तिथे सांगतील. तुमचा फोन तिला वापरायला द्या, आणि तिच्या कागदांचे फोटो तुमच्याकडे ठेवा. तुम्ही लिहिलंत याबद्दल मी तुमची आभारी आहे. पुढे काय झालं ते मला कळवा, मी वाट बघते.

आम्ही दोघं अमेरिकन नागरिक, बायको मूळची बोहोलची, ती ३ वर्षांपूर्वी नागरिक झाली. मुलगा दोन वर्षांचा. त्याला पणजीकडे ३ महिने न्यायचं आहे. माझी आईही भारतातून येऊन सोबत येणार. व्हिसाचं काय?

तुमच्यासाठी फार चांगली सोय आहे, बालिकबायान. बालिक म्हणजे परतणं, बायान म्हणजे गाव. १९८९ च्या कायद्याने आणि २००२ च्या दुरुस्तीने, पूर्वी फिलिपिनो असलेली व्यक्ती आणि तिच्यासोबत येणारे नवरा-मुलं यांना व्हिसाशिवाय वर्षभर राहता येतं. 'सोबत' हा शब्द महत्त्वाचा. बायको-मुलगा आधी गेले आणि तुम्ही १० दिवसांनी मागून गेलात, तर तुम्हाला ३० दिवसच मिळतील आणि मग मुदत वाढवत हिंडावं लागेल. तिचा जुना फिलिपिनो पासपोर्ट किंवा पीएसए जन्मदाखला, तुमच्या लग्नाचा आणि मुलाच्या जन्माचा दाखला हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नव्हे. परतीची तिकिटंही.

आईंना ही सवलत नाही, ती नवरा-बायको आणि मुलांपुरतीच. भारतीय पासपोर्टचे नियम वेगळे आहेत, ते फिलिपिन्सच्या कॉन्सुलेटला विचारून त्यांचं वेगळं बघा.

तुमच्या आकड्यांवरून बायको आधी अमेरिकन झाली आणि मग मुलगा जन्मला असं दिसतं, तरी तो जन्मला तेव्हा ती अजून फिलिपिनो नागरिक होती की नव्हती, ते नेमक्या तारखा काढून बघा. असली तर तो जन्मानेच फिलिपिनोही आहे आणि कॉन्सुलेटमध्ये त्याच्या जन्माची नोंद करता येईल. बायकोला स्वतःला २००३ च्या ९२२५ क्रमांकाच्या कायद्याने शपथ घेऊन नागरिकत्व परत मिळवता येतं, अमेरिकन नागरिकत्व न सोडता. आपल्याला भारतात ओसीआयवर भागवावं लागतं, त्यांना पुरं नागरिकत्व परत मिळतं. बोहोलला पणजीची जमीन असेल तर हे जरूर करा.

मनिलाला उतरलात की तिघं एकाच काउंटरवर एकत्र उभे राहा, बायकोला पुढे ठेवा, आणि तिने तोंडाने 'बालिकबायान' म्हणायचं. न मागता तो शिक्का पडेलच असं नाही. पासपोर्ट परत मिळाला की तिथेच उघडा, तुमच्या आणि मुलाच्या शिक्क्यावरची तारीख वर्षभराची आहे ना ते वाचा, आणि मगच काउंटर सोडा.